मांडी, मगरिब ते मगरिब

चाचांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा चाचीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "ती मटणाची गोष्ट आता कुणाला सांगितलीस तरी चालंल गो शिस्टर. ऐकायला ते कुठं हायत?" म्हणून सांगते. सात वर्षं पोटात ठेवलीय, आणि माझ्या पोटात गोष्ट सात मिनिटं राहत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा मी दिघी बंदराजवळच्या एका गावात आरोग्य केंद्रात नर्स म्हणून लागले होते. पहिलीच नेमणूक. खोली शोधत फिरत होते आणि प्रत्येक दारात तीच चौकशी: लग्न झालंय का, एकटीच राहणार का, कोण येणार-जाणार. शेवटी एका मोठ्या अंगणाच्या घरात लुंगी आणि बनियनमधला एक म्हातारा कोयत्याला धार लावत बसलेला दिसला. त्यानं मान वर न करता विचारलं, "गाव?"

"पेणच्या खाली, खाडीकाठी."

"बाप काय करतो?"

"मिठागर आहे आमचं."

कोयता थांबला. "मीठ बारीक की जाडं?"

"जाडं. करकरीत."

म्हाताऱ्यानं, म्हणजे चाचांनी, लुंगीच्या कनवटीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "एक गोण आण. बाकीचं मग बोलू." बाकीचं काही बोलायचं राहिलंच नाही. महिन्याभरानं माझा भाऊ ट्रेलर घेऊन बंदरावर आला तेव्हा घरची एक गोण टाकून गेला. चाचांनी त्यातला एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "तुझ्या बापाला माझा सलाम सांग." माझ्या बापाला जन्मात कुणी सलाम केला नव्हता. तो आठ दिवस हवेत होता.

चाचा तीस वर्षं बोटीवर आचारी होते. मालवाहू बोटी, नाना देशांचे खलाशी, आणि त्यांना रोज लागणारा स्टेक. हा शब्द चाचा असा उच्चारत, जसं दुसरं कुणी पीर-औलियाचं नाव घेईल. गावातले बाकीचे लोक परदेशातून परतताना सोनं आणत, अत्तर आणत, घोंगड्याएवढी ब्लँकेटं आणत. चाचांनी भंगारात निघालेल्या बोटीच्या भटारखान्यातला लोखंडी तवा आणला. जात्याएवढा जड. चाचीची त्यावरची टिप्पणी ठरलेली होती: "लोकांच्या बायकांच्या गळ्यात सोनं पडलं, माझ्या पायावर तवा पडला." हे ती खरं सांगत होती. डाव्या अंगठ्याचं नख पुन्हा नीट आलंच नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, राजकारणावर बोलतात. चाचा बोकडाचा स्टेक करत. नुसतं मीठ, मिरपूड, तापलेला तवा, आणि आत मटण गुलाबी. मसाला नाही, रस्सा नाही, भाकरी बुडवायला काही नाही. गावानं दोनदा खाऊन बघितलं आणि त्यांचं नाव अर्धेकच्चे असं ठेवून विषय संपवला. चाचांना ते नाव ठाऊक होतं. "मी अर्धा कच्चा, तुमी सगळे करपलेले," म्हणत.

मसाल्याशी त्यांचं वैर होतं असं नाही. चाचीच्या हातचं भाजक्या खोबऱ्याचं मटण ते मुकाट दोनदा वाढून घेत. पण तत्त्व ते तत्त्व. "मीठ आत जातं, शिस्टर. मसाला दारात बसून राहतो." आणि आत जायला प्रत्येक जागेच्या मटणाला वेगळा वेळ लागतो. मांडी निबर, तिला एक अख्खा दिवस. दस्त, म्हणजे खांदा, त्याला दही आणि आलं, एक रात्र. चाप, म्हणजे बरगडी, तिला लिंबू, पण थोडाच वेळ, नाहीतर रुसते. आणि पाठीच्या कण्याच्या आतली जी मऊ पट्टी असते तिला तव्यावर टाकताना फक्त चिमूटभर मीठ, "कारण ती आधीच शहाणी हाय."

हा सगळा हिशेब घड्याळावर चालत नसे. अजानवर चाले: फजर पहाटेची, जोहर दुपारची, असर उतरत्या उन्हाची, मगरिब सूर्यास्ताची, इशा रात्रीची. फ्रीज उघडला की डब्यांवर चिकटपट्ट्या, आणि त्यांवर शाईच्या पेनानं लिहिलेलं: चाप, जोहर ते असर. दस्त, इशा ते फजर. मांडी, मगरिब ते मगरिब. मशिदीचा भोंगा वाजला की चाचा आधी फ्रीजकडे जात आणि मग नमाजाआधीचा वजू करायला. चाची म्हणे, "अल्लाला माहीत हाय कुणासाठी पळतायत ते."

बाजारातल्या मटणवाल्याचं आणि त्यांचं शुक्रवारचं भांडण बघायला मी मुद्दाम थांबत असे. त्या मटणवाल्याच्या हाताला एकच काम ठाऊक. ओंडक्यावर काही ठेवा, सत्तूर वर जाणार आणि खटाखट रश्श्याचे तुकडे होणार. बोलता बोलता, पान चघळता चघळता. चाचा ओरडत, "हात वर! हात वर ठेव!" पोलिसांनी चोर धरल्यासारखं. मग त्याचं मनगट पकडून शिकवणी सुरू. "धागा बघ. दिसला? त्याच्या आडवं काप. उभं कापलंस तर दोरी होते, खाणारा जन्मभर चावत बसंल."

"चाचा, रश्श्यात सगळं शिजतं."

"रश्श्यात चप्पलपण शिजते!"

मागं रांगेतले लोक बोंबलत. शेवटी मटणवाल्यानं हात टेकले आणि शुक्रवारी चाचांच्या हातात सुरीच देऊन टाकली. बकरीदेला शेजारपाजारहून कुर्बानीचे वाटे येत, तेही चाचा उलटसुलट करून बघत, आणि एका वर्षी त्यांनी एका घरी निरोप धाडला की वाटा पोचला, बरकत होवो, पण उभं कापलंय. चाची त्या घरच्या बाईला तोंड चुकवत महिनाभर फिरली.

शिजलं की नाही हे बघायची त्यांची रीत म्हणजे स्वतःचं तोंड. तव्यावरच्या मटणावर बोट दाबायचं, मग तेच बोट गालावर. गालासारखं मऊ लागलं तर कच्चं. हनुवटीसारखं लागलं तर उतरव. कपाळासारखं लागलं तर "मेलं ते, इन्ना लिल्लाह म्हण आणि कुत्र्याला घाल." ही सवय इतकी हाडात भिनली होती की माणसंही त्यांना तशीच दिसत. आरोग्य केंद्रात रांगेत बसले की सुरू. लसीकरणाला आलेल्या पोराचा दंड बघून, "शिस्टर, हळू टोच, ही कोवळी चाप हाय." गावच्या पुढाऱ्याकडं बघून, "हा सीना, छातीचं मटण. सगळी चरबी. चार तास उकळला तरी ऐकायचा नाय." मी कोण म्हणून एकदा विचारलं. मला खालून वर बघून म्हणाले, "मान. चव हाय, पण हाडं लई." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तव्यावरून उतरवल्यावर मात्र कुणाला हात लावू देत नसत. "पळत आलेल्या माणसाला लगेच सवाल करू नये. बसू दे त्याला." मग आम्ही सगळे त्या मटणाभोवती गप्प बसायचो, बिमार माणसाला भेटायला गेल्यासारखे.

पण हा सगळा खटाटोप, तवा, मीठ, अजान, भांडणं, हे एका माणसासाठी होतं, आणि ते माणूस खात नव्हतं. चाचीनं चाचांच्या हातचा एक घास कधी तोंडाला लावला नव्हता. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, त्यातली तीस चाचा पाण्यावर. साऱ्या दुनियेला खाऊ घातलं, बायको तेवढी उपाशी, असं ते म्हणत. चाची उपाशी वगैरे नव्हती, चांगली भरलेली होती. पण तिचं म्हणणं एकच: "त्यात रगत हाय."

"रगत नाय, रस हाय! रगत हलाल करतानाच गेलं!"

"लाल हाय ना?"

"कलिंगडपण लाल असतं!"

एकदा तर चाचांनी निकाल लावायला मौलवीसाहेबांनाच बोलावलं. त्यांनी मन लावून दोन तुकडे खाल्ले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, यावर विचार करावा लागेल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचार करायला आले. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी सांगितलं की हलाल आहे, बिनघोर खा. चाची म्हणाली, "मौलवीसाहेब, तुमी हलाल म्हणताय, मी नको म्हणतेय. दोन वेगळ्या गोष्टी हायत." चाचा त्या दिवशी माझ्या पायरीवर येऊन बसले. "एक घास, शिस्टर. मी काय हिच्याकडं मोती मागतोय? एक घास खावा आणि म्हणावं, हं, बरं हाय. मग मी मरायला मोकळा."

"मरायचं काय त्यात," मी म्हटलं. तेव्हा सहज म्हटलं.

मग चाचीचा भाऊ कुवेतहून सुटीवर आला. या भावाचा शब्द चाची झेलत असे. चाचांचा बेत असा की भावानं खाऊन वाहवा केली की चाचीचा निश्चय ढळणार. तीन दिवस तयारी. मांडी, चाप, ती शहाणी पट्टी, सगळं निवडून आणलं. बोकड जरा वयस्कर होता, म्हणून मऊ पडायला मांडीला कच्ची पपई लावायची होती. ते काम माझ्याकडं. "वाटून लाव. फक्त मांडीला. नखभर," एवढं सांगून चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले.

आता आमच्याकडं लग्नाला मटणाचं पातेलं चढतं तेव्हा पपई ओंजळीनं पडते. नखभर पपई हा काय प्रकार? मला वाटलं, म्हातारा कंजूष आहे. मी चांगली अर्धी पपई वाटली आणि मांडीला चोपडली. उरली, म्हणून चापेला चोपडली. तरी उरली, म्हणून पट्टीला. आणि सगळं झाकून, हात धुऊन, स्वतःवर खूश होऊन बसले.

चाचा परत आले, चाप उचलली, तर हाड एकटंच हातात आलं. मटण खाली राहिलं. पट्टी तर पावावर फासता आली असती. मी हळूच म्हटलं, "मऊ झालंय, नाही?"

चाचा माझ्याकडं बघत राहिले. "शिस्टर, तू लोकांना औषधं पण अशीच देतीस?"

चाची हसून हसून ओट्याला धरून खाली बसली. मग उठली, त्या लगद्याचा वाटाणे घालून खिमा केला, आणि तिच्या भावानं त्यात पाच पाव बुडवून खाल्ले. "वा आपा, तुझ्या हाताला तोड नाय!" चाचांनी त्याला वाढायला मदत केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दाराशी येऊन करंगळी दाखवली. "नखभर म्हणजे हे नख. अंगठ्याचं पण नाय." इतकंच बोलले आणि गेले. मला रडू आलं, खरंच आलं.

त्याच सुमाराला मी त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं. मोजलं आणि पट्टा सोडून पुन्हा मोजलं. मग म्हटलं, "चाचा, आजपासून मीठ बंद."

"मीठ मी मटणाला लावतो. मला कुठं लावतो?"

"मटण कोण खातं?"

"मी एकटाच खातो, कारण दुसरं कोण खात नाय. तिला सांग खायला, निम्मं होईल."

वादात त्यांना कोण हरवणार. मी माझ्या भावाला फोन करून सांगितलं की यापुढं गोण आणायची नाही. दोन महिने बरे गेले. मग एक दिवस चाचा सकाळच्या एस्टीनं गायब झाले आणि संध्याकाळी टेम्पोतून उतरले, बरोबर दोन गोणी. पत्ता शोधत आमच्या मिठागरावर गेले होते. माझ्या बापानं त्यांना जेवायला घातलं, निवडून मीठ भरून दिलं आणि वर निरोप पाठवला की असा कदरदान माणूस बघितला नाही, त्यांची काळजी घे. मी कपाळावर हात मारून घेतला. एकीकडं माझी गोळ्यांची पाकिटं आणि दुसरीकडं माझ्याच बापाचं मीठ.

व्हायचं ते झालंच. एका सकाळी फजरची अजान झाली आणि चाची माझं दार बडवायला लागली. चाचा फ्रीजपाशी पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात निकामी. रुग्णवाहिकेतून माणगावला नेताना मी त्यांचा डावा हात धरून बसले होते, आणि मला इतका राग येत होता की सांगता सोय नाही. त्यांचा आला, मिठाचा आला, माझ्या बापाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला.

वाचले. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, डाव्या हाताचं बोट लुळ्या गालावर दाबलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाले, "ही बाजू कच्ची राहिली." मला कळलं, मी हसले. पण उशाशी बसलेल्या त्यांच्या पुतण्याला कळलं नाही. तो म्हणाला, "काय?" चाचा पुन्हा म्हणाले. "काय म्हणाले?" असं त्यानं तिसऱ्यांदा विचारलं आणि चाचांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

घरी आणलं तरी बोलेनात. डॉक्टरांनी बजावलं होतं, जीभ वळती ठेवा, जितकं बोलतील तितकं सुटेल, नाहीतर आहे ते पण जाईल. मी रोज समोर बसून बडबड करायचे. मटणवाला येऊन गेला. म्हणाला, "चाचा, काल मी आडवं कापलं." चाचांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. ज्या माणसानं कलिंगडावरून भांडण केलं होतं तो पाणी हवं तर नुसता पेल्याकडं बोट दाखवायचा. चाची त्यांच्यासमोर काही बोलत नसे, पण एकदा मागच्या विहिरीवर भांडी घासता घासता तिनं पदर तोंडात कोंबला आणि म्हणाली, "घर बहिरं झालंय गो. मला भांडायला कोण नाय."

तीन आठवडे असे गेले. मग एका गुरुवारी मी कामावरून आले तर अंगणात चूल पेटलेली आणि चाची तवा ओढत होती. "धर ह्याला. एकटीनं उचलत नाय हा मुडदा." ओट्यावर एक डबा होता, चिकटपट्टीवर चाचांचं अक्षर: मांडी, मगरिब ते मगरिब. तो दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळचा डबा. चाचीनं तेव्हा तो बर्फाच्या कप्प्यात टाकला होता.

"हे फेकून द्यायचं ना," मी म्हटलं.

"का? बकरं काय आभाळातून पडतं?" मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "मगरिबला मीठ लावलं आणि फजरला हे पडले. बाकीचा निम्मा वेळ राहिला होता. आज फजरला बाहेर काढलं. आता मगरिब झाली."

चाचा खुर्चीत बसले होते, भिंतीकडं तोंड करून. तव्यावर मांडीचा तुकडा पडला, चर्र झालं, आणि त्यांची मान हळूच वळली. चाचीनं तो उलटला. थोड्या वेळानं बोट दाबलं आणि तेच बोट स्वतःच्या गालावर ठेवलं. पुन्हा थांबली, पुन्हा दाबलं, आणि आता हनुवटीवर. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं तुकडा ताटात काढला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली. मी सुरी घ्यायला गेले तर म्हणाली, "बसू दे त्याला."

चाचा तिच्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

मग तिनं धाग्याच्या आडवं कापलं. आत गुलाबी. चाचांनी डावा हात पुढं केला, तिनं तो बाजूला सारला. "तुमाला मीठ बंद. शिस्टरला मी खाऊ देणार नाय, तिनं नखभराची पपई केली. फेकलं तर गुन्हा. मग मलाच खायला लागंल ना?" बिस्मिल्ला म्हणाली, डोळे घट्ट मिटले, कडू औषध घ्यावं तसा घास तोंडात टाकला आणि चावू लागली. चाचा तिच्या जबड्याकडं बघत होते. पुढं वाकले होते, खुर्चीतून पडतील की काय असे.

चाचीनं गिळलं. तोंड पुसलं. म्हणाली, "हं. अजून दोन मिनटं ठेवायला हवं होतं."

"दो..." चाचांचं तोंड हललं. "दो... दोन?"

"दोन मिनटं."

"दोन मिनटं? चाम... चामडं होईल! चप्पल होईल त्याची! अक्कल हाय का? मांडी हाय ती, मांडी!" शब्द वाकडेतिकडे येत होते, लाळ गळत होती, पण एकूण एक कळत होता.

"बरं, मग एक मिनट."

"एक पण नाय! अर्धं पण नाय!"

"कच्चं होतं."

"कच्चं? तू... तू हनुवटी बघितली ना? मी बघितलं, तू बघितली!"

अर्धा तास चाललं. शेजारचे कुंपणावरून डोकावले. मी पदरानं डोळे पुसत होते आणि हसत होते. आणि ते भांडण पुढं पाच वर्षं चाललं. रोज दोन मिनटं, रोज चप्पल. जीभ सुटली, हातही थोडा सुटला, मिठाला मात्र मी पुन्हा हात लावू दिला नाही. माझी बदली पालीला झाली, तरी चाचीला फोन केला की मागून आवाज यायचाच: "शिस्टरला विचार! ती होती तिथं! विचार तिला, कच्चं होतं का!" मी म्हणायचे, चाचा, मला मटणातलं काय कळतं.

पण त्या संध्याकाळी मी ताट घेऊन चाचीच्या मागं आत गेले होते. ताट रिकामं होतं. बोलता बोलता तिनं सगळं संपवलं होतं, मला वासापुरतंही ठेवलं नव्हतं. मी विचारलं, "चाची, खरंच दोन मिनिटं कमी पडली?"

तिनं आधी दाराबाहेर बघितलं. अंगणात चाचा एकटेच भिंतीला सुनावत होते. मग ती माझ्या कानाशी आली.

"लोण्यासारखं होतं गो," ती म्हणाली. "पण त्यांना सांगू नको. बोलायचे बंद होतील."